भावाच्या पॅन्टची कंबर

माझा धाकटा भाऊ गेला त्याला आता दीड वर्ष होईल. तो कशानं गेला असं विचारलंत तर माझ्या माहेरी, ओवे गावात, लोक अजून सांगतात, वजन कमी करायचं ऑपरेशन केलं आणि त्यानंच गेला. ते खोटं आहे. ऑपरेशन छान झालं होतं. पुढं काय झालं ते मला माहीत आहे, आणि त्यात माझा हात किती होता तेही मलाच माहीत आहे. मी शिवणकाम करणारी बाई. लिहायची सवय नाही, पण बोलायची आहे. माझ्या तोंडाला तर माहेर-सासर दोन्हीकडची माणसं वचकून असतात. तेव्हा बोलते तसंच लिहिते.

खांदा कॉलनीत बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-बिडिंग, आणि घरच्या माणसांचे म्हणून शर्ट-पॅन्टही. माहेर ओव्याचं. शेतं होती तिथं टॉवर उभे राहिले तसा भाऊ नाक्यावर रेती-सिमेंटचं दुकान टाकून बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला. शेतात दिवसभर वाकणारा माणूस खुर्चीत गेला, पण ताट मात्र शेतातलंच राहिलं. आमच्याकडं खाणाऱ्याला कोणी अडवत नाही. तांदळाच्या चार भाकऱ्या, जवळ्याची चटणी, वर भाताचा डोंगर, आणि आई म्हणणार, "आज कमीच जेवलास." बघता बघता वजन एकशे चाळीसच्या पुढं गेलं. साखर आली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला.

आमचे वडील पन्नाशी गाठायच्या आत बसल्या जागी गेले होते. तेही असेच भरलेले. भावाला त्याची धास्ती होती. त्याला एकच मुलगी, तेव्हा पाचवीत. तिच्याकडं बघून तो म्हणायचा, "ताय, हिच्या लग्नात मना उभं रायचं हाय. बाबासारखं फोटोत नाय." ऑपरेशन त्यानं त्यासाठी केलं. दिसण्याबिसण्याचं त्याला काही पडलेलं नव्हतं.

दवाखान्यात त्याच्याबरोबर मी गेले. भावजयीची आई तेव्हा आजारी होती, ती तिकडं अडकली होती. शिवाय भावाची खात्री होती की ताई असली म्हणजे डॉक्टर काही लपवणार नाहीत. घरी सोडायच्या दिवशी आहार सांगणारी एक मुलगी आली. माझ्या लेकीच्या वयाची असेल. भाऊ तेव्हा गोळीच्या गुंगीत झोपला होता. तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. जठराची आता एवढीशी पिशवी राहिलीय, आणि ती आतड्याला खाली कुठं जोडलीय. आधी पातळ, मग गाळलेलं, मग मऊ. गोळ्या जन्मभर. तपासणीला यायचं. शेवटी म्हणाली, "आणि दारू अजिबात नाही. ती आता पोटात थांबणार नाही, लगेच रक्तात जाईल. थोडी घेतली तरी खूप चढते. आधी कधी सवय नव्हती अशांनाही ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांत व्यसन लागतं. लिव्हर जातं. हे नीट लक्षात ठेवा."

मी हसले. म्हटलं, "अगं बाई, हा कुठं पितो? शिमग्याला एक बियर, तीसुद्धा मटणासाठी." ती मुलगी हसली नाही. म्हणाली, "तरीही सांगून ठेवते."

घरी येऊन मी मोठ्या अक्षरात यादी लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. भावजयीला बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. पेज किती, डाळीचं पाणी किती, पाणी जेवणाबरोबर नाही. दारूची ओळ मी लिहिली नाही. लिहावीशीच वाटली नाही. न पिणाऱ्याच्या घरात ती ओळ कशाला लावायची, असं वाटलं. बोलूनही दाखवलं नाही.

मग वजन उतरायला लागलं, आणि ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दुकानात यायचा, हात पसरून उभा राहायचा आणि मी टेप लावायची. दर वेळी कंबर दोन बोटं आत. मी म्हणायची, "नवीन शिवून घे की मेल्या, किती वेळा उसवू?" तो म्हणायचा, "थांब गो, अजून उतरणार हाय." मी कापड कापून टाकत नसे. आत दाब ठेवून शिवत असे, म्हणजे जास्तीचं कापड शिलाईच्या आत दुमडून. लागलं तर परत सोडता यावं ही शिंप्याची सवय. तो मशिनीजवळच्या स्टुलावर बसून गप्पा मारायचा. आधी त्या स्टुलावर तो मावत नव्हता.

एकच गोष्ट त्याला जड जात होती. चार घास झाले की पोट थांबायचं. आमच्यासारख्या घरात खाणं हीच मौज. सिनेमा नाही, फिरणं नाही, रविवार म्हणजे मासे. त्यानं एकदा मला सांगितलं, "समोर पापलेट असतंय ताय, आणि पोट बोलतंय बस. पोट बोलतंय, डोळे नाय बोलत." मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, जीव वाचला ते बघ, पापलेट काय पळून जातंय. आज वाटतं, तेव्हा दोन मिनिटं ऐकून घ्यायला हवं होतं.

ऑपरेशनला नऊ महिने झाले असताना माझ्या लेकीचं लग्न आलं. लग्नापेक्षा आमच्याकडं हळद मोठी. बेंजोचा बँड, मटणाची पातेली, उरणपासूनचे पाहुणे, आणि मांडवाच्या मागं पुरुषांची पिण्याची बैठक. आमच्या सासरकडं हळदीचं पहिलं ताट मामाला देतात. मामा जेवला की मग बाकीची पंगत मोकळी होते. आणि मामानं ताट टाकलं तर त्याचा एकच अर्थ काढतात, मामा रुसला. असा रुसवा तीन-तीन पिढ्या पुरतो, लोक एकमेकांच्या मयताला जात नाहीत.

भावाचं ऑपरेशन आम्ही सासरी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. जाड आहे म्हणून पोट कापून घेतलं असं कुठं सांगतात का? गोड बंद केलंय, चालायला जातो, एवढंच आम्ही सांगत होतो. त्यानं मटणाचे दोन तुकडे, भाकरीचा एक घास घेतला आणि ताट बाजूला ठेवलं. झालं. कुजबुज सुरू. माझा मोठा दीर मुद्दाम मला ऐकू जाईल असं बोलला, "पयल्यानं नजर लागेल असा खायचा मामा. आज आमचं अन्न कडू लागतंय वाटतं."

माझं डोकं तापलं. एकुलत्या एका लेकीच्या हळदीत माझ्या माहेरावर बोट? मी सरळ मांडवाच्या मागं गेले, तिथल्या टेबलावरून एक भरलेला ग्लास उचलला आणि भावाच्या हातात दिला. म्हटलं, "जेवण जात नाही ना, मग हे घे आणि त्यांच्यात जाऊन बस. पातळ आहे, जाईल." त्यानं माझ्याकडं बघितलं. "चालतं का गो?" मी म्हटलं, "पातळ चालतं म्हणून मलाच सांगितलंय ना डॉक्टरनी."

दवाखान्यातल्या त्या मुलीचं बोलणं मला त्या क्षणी आठवलं होतं. मी विसरले असते तर आज थोडं बरं वाटलं असतं. आठवलं, आणि मी मनात म्हटलं, एका ग्लासानं काय होतंय.

दहा मिनिटांत त्याचा चेहरा उजळला. तो दिराच्या गळ्यात हात घालून बसला, नाचला, भाचीला हळद लावताना रडला, सगळ्यांना हसवलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो कशानं तरी पोटभर सुखी दिसत होता. दीर मला म्हणाला, "मामा आपला माणूस हाय." मी मोठ्या हुशारीनं प्रसंग निभावला म्हणून खूश झाले.

पुढं आधी कुणालाच काही खटकलं नाही. उलट कौतुकच. बाकीचे चार-चार रिचवतात आणि हा एकातच खूश, असं त्याचे मित्र सांगायचे. एक म्हणजे काही पिणं नव्हे, असा हिशोब. त्याला ती मुलगी म्हणाली होती तशीच चढत होती, पण ग्लास मोजणाऱ्यांना ते दिसत नव्हतं. आठवड्याला एक होता, तो दोन दिवसांआड आला, मग रोज. गोळ्या बंद पडल्या. तपासणीला जाणं बंद झालं. वजन तर उतरलंय, आता कशाला जायचं, म्हणाला.

साधारण सहा-सात महिन्यांनी भावजयीचा फोन आला. ती कमी बोलणारी, फोन तर कधीच करत नाही. म्हणाली, "ताय, ते रोज घेतात. दुकानातूनच घेऊन येतात. तुमी बोला ना त्यांना जरा. तुमचं ऐकतील."

आणि मी तिच्यावरच उलटले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसं. म्हटलं, "तुझं लक्ष कुठं असतं? बायको घरात नीट असेल तर माणूस बाहेर कशाला तोंड घालतो? त्याच्या जिभेला आवडेल असं मऊ काही करून घालत जा." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षं मी हेच बोलत राहिले. तिला बोलले, आईला सांगितलं, आत्याला सांगितलं. सगळ्या नात्यात पसरवलं की भावजयीचं घरात लक्ष नाही म्हणून माझा भाऊ वाया गेला. मनाच्या आत कुठंतरी तो ग्लास होताच. म्हणूनच मी एवढी ओरडत होते, हे आता कळतं.

भावाला मी बोलले नाही असं नाही. दुपारी दुकानात खुर्चीतच झोपलेला सापडला तेव्हा बोलले. कर्नाळ्याच्या पुढं स्कूटरवरून पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं तेव्हा बोलले. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि सतरा दिवस पाळली. अठराव्या दिवशी मला म्हणाला, "मना कळतंय ताय. सकाळी उठलो की ठरवतो नाय घ्यायची. दुपारपर्यंत हात कापाया लागतात." मी त्याला म्हटलं, मनाची तयारी पाहिजे. काय अक्कल माझी. माणूस पाण्यात बुडतोय आणि मी काठावरून त्याला पोहायचे फायदे सांगतेय.

मग एका रविवारी तो पॅन्ट घेऊन आला. "कंबर सोड गो जरा. टोचते." मी टेप लावली. दोन महिन्यांत कंबर चार इंच वाढली होती. दाब होताच आत, मी उसवून सोडला. शर्टाचे खांदे मात्र ओघळले होते, बाह्यांत हात काड्यांसारखे. सत्तावीस वर्षं मी माणसांची अंगं मोजतेय. हात वाळलेत आणि पोट तेवढं वाढलंय, हे माझ्या हातांना समजलं, डोक्यात शिरलं नाही. तो घरी निघाल्यावर मी भावजयीला फोन लावला आणि म्हटलं, "परत चरायला घालायला लागलीस ना त्याला? सगळी मेहनत पाण्यात."

ती म्हणाली, "ताय, आईशपथ, ते काय पण खात नायत."

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस.

ते पाणी होतं. लिव्हर गेलं की पोटात पाणी भरतं, हे मला आठवडाभरानं डॉक्टरांकडून कळलं. डोळेही पिवळे पडले होते. मी त्याची कंबर मोजली, पण मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. डॉक्टर चिडले. म्हणाले, या ऑपरेशननंतर दारू विषासारखी असते, तुम्हाला सांगितलं नव्हतं का कुणी? भावजय हात जोडून म्हणाली, "नाय डॉक्टर, आमाला कुणीच नाय सांगितलं." डॉक्टर म्हणाले, सांगितलं असणार, सगळ्यांना सांगतात. मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पण तिथं माझी दातखीळ बसली. भाऊ पलंगावरून माझ्याकडं बघत होता. हळदीतला तो ग्लास कुणी दिला हे त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

त्यानं खरंच सोडली मग. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता थांबलास तर जगशील. तीन महिने त्यानं थेंबाला हात लावला नाही. गोळ्या घेत होता, व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडं जात होता, पोट थोडं उतरलं होतं. लेकीला शाळेत सोडायला जायला लागला. मी नवस बोलले. पण चौथ्या महिन्यात भावजयीला सिमेंटच्या गोण्यांमागं बाटली सापडली. मला वाटलं होतं ती मला फोन करेल. तिनं केला नाही. का करावा तिनं? फोनवर माझ्याकडून तिला दर वेळी शिव्याच मिळाल्या होत्या. तीन आठवड्यांनी रक्ताची उलटी झाली तेव्हा शेजाऱ्यानं कळवलं. अकरा दिवस दवाखान्यात होता. शेवटचे चार दिवस त्याला माणसं ओळखू येत नव्हती. चव्वेचाळिसावं संपलं नव्हतं. बाबांपेक्षाही कमी वयात गेला.

तेराव्याला ओव्यातल्या घरी बायका बसल्या होत्या. माझी एक चुलत बहीण आहे, करंजाड्याला दिलेली. माझ्या भावासारखीच जाड, साखरेनं पायाची जखम भरत नाही, चार पायऱ्या चढली की धाप. तिचंही तेच ऑपरेशन ठरलं होतं, पुढच्या महिन्याची तारीख मिळाली होती. आत्यानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "नको गो बाय. त्या ऑपरेशननंच आमचा पोरगा खाल्ला. तू नको जाऊस." बाकीच्यांनी माना हलवल्या. चुलत बहीण पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मी कालच फोन करून नको म्हणून सांगितलं."

मला बसवेना. तिची दोन मुलं बारकी आहेत. एका ग्लासानं माझा भाऊ गेला, आता माझ्या गप्प बसण्यानं ही जाणार. मी म्हटलं, "ऑपरेशननं नाही गेला तो. ऑपरेशन चांगलं झालं होतं. दारूनं गेला, आणि पहिला ग्लास मी दिला, माझ्या लेकीच्या हळदीत, रुसवा नको म्हणून."

आत्या म्हणाली, "गप गो. दुःखात माणूस काय पण बोलतंय." तिनं मला पाणी दिलं. सगळ्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. म्हणून मी परत सांगितलं, हळू आणि नीट. दवाखान्यात त्या मुलीनं मला बजावलं होतं. दारू नको, एक थेंब नको, सवय नसली तरी लागते. मी ऐकलं होतं. घरी येऊन यादीत लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आणि आठवत असताना त्याच्या हातात ग्लास दिला. चुलत बहिणीला म्हटलं, तू तारीख परत घे, फक्त हे विसरू नकोस. तिनं पुढं ऑपरेशन करून घेतलं. ती आता बरी आहे, पण ते नंतरचं.

तेव्हा तिथं भावजय भिंतीला टेकून बसली होती. इतका वेळ तिची नजर जमिनीवर होती. तिनं मान वर केली.

"तुमाला सांगितलेलं, ताय?"

"हो."

"पयल्याच वेळी? घरी आणलं तवा?"

"हो."

मला वाटलं आता ती ओरडेल, मला घराबाहेर काढेल. मी त्याची वाटच बघत होते. तिनं तसं काही केलं नाही. सतरा वर्षांच्या संसारात तिनं मला कधी उलटून एक प्रश्न विचारला नव्हता, तो त्या दिवशी विचारला.

"मग दोन वर्षं तुमी मना का बोलत होता?"

तिची मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. किती दिवसांनी झोपली होती. ती जागी होऊ नये म्हणून भावजयीनं हे अगदी हळू आवाजात विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्याकडं बघत राहिली.